फ्रिंजला एकपात्री नेताना

दुसरं महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती. १९४७च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या एडिनबरो शहरात एक मोठा आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव सुरू झाला. वाद्यवृंद, नाटकमंडळ्या, सगळं रीतसर आमंत्रण देऊन बोलावलेलं. त्याच वेळी आठ नाटकमंडळ्या मात्र आमंत्रणाशिवाय येऊन थडकल्या. गावात प्रेक्षक जमलेलेच आहेत, तर आपणही प्रयोग लावू, असा साधा व्यवहारी विचार. मिळाल्या त्या जागांत त्यांनी प्रयोग केले. त्यांतला एक तर खाडीपलीकडे डन्फर्मलिन गावच्या जुन्या ॲबीत झाला. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने आपल्या लेखात या कडेकडेच्या खटाटोपाला ‘फ्रिंज’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. १९५८ साली भाग घेणाऱ्या कलावंतांनीच मिळून फ्रिंज सोसायटी काढली. तिने एक गोष्ट पहिल्यापासून पाळली आहे : कोणाचा प्रयोग घ्यायचा आणि कोणाचा नाही, हे सोसायटी ठरवत नाही.

महाराष्ट्रातल्या नाटकवाल्याला ही गोष्ट पचायला वेळ लागतो. आपल्याकडे संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. राज्य नाट्यस्पर्धा असो की करंडक, परीक्षक आलेच. पणजीचा सेरेंडिपिटी महोत्सव किंवा मुंबईचा काळा घोडा महोत्सव इथेही काय दाखवायचं ते निवडणारी माणसं ठरवतात. फ्रिंजमध्ये तुम्ही नोंदणीची फी भरलीत, जागा ठरवलीत, की तुम्ही फ्रिंजचे कलावंत. पहिल्यांदाच रंगमंचावर पाऊल टाकणारा आणि दूरदर्शनवर गाजलेला, दोघांची नावं एकाच कार्यक्रमपत्रिकेत छापली जातात. २०१९ साली अशा ३,८४१ कार्यक्रमांची नोंद झाली आणि तीस लाखांहून अधिक तिकिटं गेली. कोविडच्या खंडानंतरही आकडा पुन्हा साडेतीन हजारांच्या वर पोचला आहे. सगळे ऑगस्टमध्ये, साधारण पंचवीस दिवसांत.

परीक्षक नसले तरी गाळणी होतेच. ती जागेचं भाडं करतं, राहण्याचा खर्च करतो, वेळापत्रक करतं आणि शेवटी भर पावसात रस्त्यावर तुमचं पत्रक न घेता पुढे जाणारा माणूस करतो. म्हणून स्वतःच्या खर्चाने एकपात्री घेऊन तिथे जाणाऱ्याने आपल्यातल्या नटाआधी आपल्यातल्या निर्मात्याला कामाला लावायला हवं. ‘बटाट्याची चाळ’ १९६१पासून पु. ल. देशपांडे एकट्याने उभी करायचे खरे, पण त्यांच्या प्रयोगांची व्यवस्था सुनीताबाई किती काटेकोरपणे बघायच्या हे मराठी वाचकाला सांगायला नको. एडिनबरोला बहुतेकांना दोन्ही कामं स्वतःच करावी लागतात.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक प्रयोग धरू. मुंबईच्या एका नटाने स्वतः लिहिलेला, इंग्रजीतला एकपात्री. नाव ‘फर्स्ट शिफ्ट’. परळच्या गिरणीत पहाटेचा भोंगा वाजवणाऱ्या कामगाराची गोष्ट. सामान म्हणाल तर एक स्टूल, एक जेवणाचा डबा, एक खाकी शर्ट आणि भोंग्याचा आवाज.

सगळ्यात आधी ठरवायची ती जागा, आणि फ्रिंजमध्ये सर्वांत जास्त पैसे बुडतात तेही इथेच. शहरात कायमची नाट्यगृहं मोजकी. ऑगस्टमध्ये मात्र विद्यापीठाची व्याख्यानगृहं, चर्चची सभागृहं, दारूच्या गुत्त्यांच्या मागच्या खोल्या, पुलाखालची दगडी तळघरं, सगळ्यांना काळे पडदे लागतात आणि त्यांची नाट्यगृहं होतात. ही ठिकाणं चालवणाऱ्या संस्था सोसायटीपासून स्वतंत्र असतात. असेंब्ली, प्लेझन्स, गिल्डेड बलून आणि अंडरबेली या चार बड्या संस्था. त्याशिवाय समरहॉल, झू, ग्रीनसाइड, द स्पेस अशा कितीतरी. एकेका संस्थेकडे अनेक खोल्या, आणि एकेका खोलीत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत एकामागून एक आठ-दहा प्रयोग. सोसायटी निवड करत नसली तरी या संस्था करतात. त्यांना संहिता, चित्रफीत, आधीच्या प्रयोगांची परीक्षणं पाठवावी लागतात. चांगल्या खोल्यांच्या चांगल्या वेळा हिवाळ्यातच संपतात, त्यामुळे ऑगस्टच्या प्रयोगासाठी आदल्या वर्षाच्या अखेरीसच पत्रव्यवहार सुरू झालेला बरा.

करार ढोबळमानाने तीन प्रकारचे. काही ठिकाणी सरळ भाडं : पूर्ण रक्कम आधी भरा, तिकिटांचा पैसा तुमचा. काही ठिकाणी वाटणी : तिकिटांच्या उत्पन्नातले साठ टक्के कलावंताला, चाळीस टक्के जागेला, असं प्रमाण पुष्कळ ठिकाणी आढळतं. तिसरा प्रकार दिसायला दुसऱ्यासारखाच, पण त्यात ‘किमान हमी’ नावाचं एक कलम असतं. विक्री कितीही झाली तरी जागेला ठरावीक रक्कम मिळालीच पाहिजे, असं ते कलम सांगतं. नवखा माणूस साठ-चाळीस वाचून खूश होतो आणि हमीचा आकडा वाचत नाही.

‘फर्स्ट शिफ्ट’चा हिशेब मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल धरलेत, पण बेताचे धरलेत. पन्नास खुर्च्यांची खोली, २२ प्रयोग. म्हणजे एकूण १,१०० तिकिटं. त्यातली एक तृतीयांश खपली, तर ३६५ धरू. तिकीट बारा पौंडांचं, पण विद्यार्थी-ज्येष्ठांची सवलत, सुरुवातीच्या पूर्वप्रयोगांचे उतरवलेले दर आणि एकावर एक फुकट असलेले दिवस हे सगळं धरून हातात सरासरी दहा पौंड येतात. झाले ३,६५० पौंड. त्यात वीस टक्के व्हॅट आधीच मिसळलेला असतो, तो काढला की राहिले ३,०४२. तिकीटखिडकीचं कमिशन आणि संगीताच्या हक्कांचे पैसे मिळून आणखी १८२ गेले, उरले २,८६०. साठ टक्क्यांनी नटाचे १,७१६ पौंड. आता करारात १,५०० पौंडांची किमान हमी असेल, तर जागेच्या वाट्याला येणारे १,१४४ पुरत नाहीत. फरक नटाच्या वाट्यातून कापला जातो आणि त्याच्या हाती १,३६० पडतात.

दुसऱ्या बाजूला खर्च. सोसायटीची नोंदणी तीन-चारशे पौंड, लवकर भरली तर कमी. दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घेतलेल्या घरातली एक खोली, चार आठवड्यांची. पत्रकं आणि भित्तिपत्रकं. विमानाचं तिकीट, लंडनहून एडिनबरोची गाडी, व्हिसा, विमा, रोजचं जेवण. काटकसरीने चाललं तरी साडेचार हजार पौंडांच्या खाली हे सहसा येत नाही. म्हणजे तूट तीन हजारांच्या वर. आपल्या रुपयांत साडेतीन लाखांच्या घरात. आणि हे, एक तृतीयांश खोली रोज भरली असं धरून. फ्रिंजमध्ये प्रेक्षकांची सरासरी सहा असते अशी एक दंतकथा कलावंत एकमेकांना सांगत असतात; तिच्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, पण हिशेब करताना ती आठवावी.

हे आकडे घाबरवण्यासाठी मांडलेले नाहीत. तूट किती सोसवेल हे घरातून निघण्यापूर्वीच ठरवता येतं. जागा लहान घेतली की हमी कमी होते, तीस खुर्च्यांच्या खोलीत वीस माणसं बसली तर प्रयोग भरलेला वाटतो आणि तेच वीस लोक शंभरांच्या खोलीत विखुरले की नटाचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. पूर्ण पंचवीस दिवसांऐवजी एकच आठवडा करता येतो. मात्र आठवडाभरासाठी आलेल्याचं परीक्षण छापून येईपर्यंत त्याचा शेवटचा प्रयोग झालेला असतो, हा त्यातला तोटा.

दुसरी वाट फुकट प्रयोगांची. १९९६ साली पीटर बकली हिल या विनोदवीराने ‘फ्री फ्रिंज’ सुरू केलं. खोलीचं भाडं नाही, प्रेक्षकाला तिकीट नाही. प्रयोग संपला की नट दाराशी बादली घेऊन उभा राहतो. आता बादलीशेजारी कार्डाचं यंत्रही असतं, कारण खिशात नोटा घेऊन फिरणारी माणसं उरलेली नाहीत. लाफिंग हॉर्स ही संस्थाही याच रीतीने चालते. गोष्ट सांगणाऱ्यासाठी, विनोदी कार्यक्रमासाठी ही व्यवस्था उत्तम आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने तिच्याकडे नाक मुरडू नये असं माझं मत. पण ‘फर्स्ट शिफ्ट’सारखा शांततेवर उभा असलेला प्रयोग दारूच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत केला, तर ऐन मोक्याच्या क्षणी पलीकडून ग्लासांचा खळखळाट आणि फुटबॉलच्या गोलाची आरोळी ऐकू येईल, याची तयारी हवी. कॅनडातल्या एडमंटनसारख्या फ्रिंजांनी तिसराच मार्ग काढलाय : कोणाला घ्यायचं हे सोडतीने ठरतं, जागा महोत्सवच देतो आणि कलावंताने ठरवलेल्या तिकीटदराचा पूर्ण पैसा कलावंताचा. एडिनबरोत तसं नाही.

जागा ठरली की वेळ. प्रयोगाची लांबी साधारण ५५ ते ६० मिनिटं, यात वाटाघाट होत नाही. लक्ष्मणराव देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ बावन्न व्यक्तिरेखा घेऊन तासन्‌तास रंगायचं. फ्रिंजला ते न्यायचं म्हटलं असतं तर अर्ध्याहून अधिक वऱ्हाड घरी ठेवावं लागलं असतं. संहिता कापायचं काम प्रवासाआधी, प्रेक्षकांसमोर करायला हवं. एकेक पान उडवण्यापेक्षा एखादं अख्खं उपकथानक काढलेलं बरं, कारण पानापानाने कापलेली संहिता नट नकळत पुन्हा वाढवतो. पाठांतरात ती जिवंत असते.

घड्याळातली वेळही विचाराने घ्यावी. रात्री नऊनंतर शहर विनोदवीरांचं असतं, आणि अकरानंतरचा प्रेक्षक पोटात बिअर घालून आलेला असतो. गंभीर एकपात्रीला सकाळी अकरा ते दुपारी चारपर्यंतची वेळ सोयीची. त्या वेळी पूर्ण पैसे देऊन नाटक बघणारा, थोडा वयस्क, दिवसाला चार-चार प्रयोग ठरवून आलेला प्रेक्षक मोकळा असतो, आणि समीक्षकही.

कागदपत्रांची बाजू भरभर सांगतो. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला ब्रिटनचा अभ्यागत व्हिसा लागतो. ब्रिटिश सरकारने काही महोत्सव असे ठरवून दिलेत की जिथे अभ्यागत व्हिसावर आलेल्या कलावंताला प्रयोगाचे पैसे घेता येतात. एडिनबरो फ्रिंज त्या यादीत आहे. नोंदणीची आणि जागेच्या कराराची कागदपत्रं अर्जाला जोडावीत. प्रेक्षकाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा जवळजवळ प्रत्येक जागा मागते. धोक्यांची यादीही लिहून द्यावी लागते, आणि तीत ‘स्टुलावर उभं राहणे’ हेसुद्धा लिहावं लागतं. संहितेच्या मंजुरीचा प्रश्न मात्र नाही; ब्रिटनमध्ये लॉर्ड चेंबरलेनकडून नाटक तपासून घेण्याची सक्ती १९६८च्या कायद्याने संपली.

आता चाळीस शब्द. छापील कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक प्रयोगाच्या वाट्याला वर्षानुवर्षं एवढीच जागा आलेली आहे. पत्रिका जूनमध्ये निघते, पण तिचा मजकूर वसंतातच द्यावा लागतो. म्हणजे पुष्कळदा प्रयोग पुरता बसण्यापूर्वीच. हजारो नोंदींत तुमची नोंद वाचणारा तिला काही सेकंदच देतो. आपल्याकडच्या नाटकवाल्याचा हात अशा वेळी सवयीने ‘मानवी नात्यांची तरल गुंफण’, ‘अंतर्मुख करणारा नाट्यानुभव’ अशा शब्दांकडे जातो. हे शब्द कुठल्याही नाटकाला चालतात, म्हणून कुठल्याच नाटकाचे होत नाहीत. त्याऐवजी असं लिहून बघा : ‘मुंबईतली कापडगिरणी बंद पडून चाळीस वर्षं झाली. पहाटेचा भोंगा वाजवणारा सावंत अजून चारला उठतो. आज गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये तो वॉचमन म्हणून रुजू होतोय.’ तीन वाक्यं, आणि माणूस, जागा, पेच तिन्ही दिसले. उरलेल्या दहा-पंधरा शब्दांत आधीच्या एखाद्या परीक्षणातला तुकडा बसतो.

यात अजून एक गोष्ट घडते. १९८२चा संप हे शब्द परळ-लालबागमध्ये उच्चारले तर पुढचं काही सांगावं लागत नाही. ग्लासगोहून आलेल्या बाईंना ते शब्द काहीच सांगत नाहीत. पण त्यांच्या वडिलांची जहाजबांधणीची गोदी बंद पडलेली असू शकते. त्यामुळे संपाचा इतिहास समजावत बसण्यापेक्षा भोंगा बंद झाल्यावरची पहिली पहाट नीट दाखवली, तर प्रेक्षक आपला धागा आपण जोडून घेतो. संदर्भांच्या तळटिपा बोलून दाखवणारे परदेशी एकपात्री तिथे पुष्कळ असतात. ते कंटाळवाणे होतात. प्रयोग मराठीतच करायचा असेल तर वर उमटणारी इंग्रजी वाक्यं दाखवता येतात, पण त्यासाठी प्रोजेक्टर, पडदा आणि वाक्यं पुढे सरकवणारा एक जाणता माणूस लागतो. एकट्याचा प्रयोग मग दोघांचा होतो, आणि खर्चही.

निघण्यापूर्वी इंग्रजी प्रेक्षकांसमोर काही प्रयोग झालेले हवेत. मुंबई-पुण्यातल्या छोट्या जागा त्यासाठी आहेतच. जुलैमध्ये लंडनला थोडं आधी पोचलात तर तिथेही फ्रिंजपूर्व प्रयोगांचा हंगाम सुरू असतो; ओळखी असतील तर १९३२पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळात शब्द टाकून बघायला हरकत नाही. मात्र आपल्या माणसांच्या टाळ्यांवरून अंदाज बांधू नये. ती मंडळी गोष्ट अर्धी आधीच ओळखून बसलेली असतात.

एडिनबरोत पोचल्यावर तांत्रिक तालीम एकदाच मिळते, तीही दोन-तीन तासांची. त्यात सगळं उरकायचं. दिवे आधीच टांगलेले असतात आणि त्या खोलीतल्या सगळ्या प्रयोगांचे सामाईक असतात. तुम्हाला सरसकट उजेड, एखाद-दुसरा खास झोत, थोडे रंग एवढंच मिळतं. पुण्या-मुंबईत केलेली चाळीस बदलांची प्रकाशयोजना तिथे बारावर आणावी लागते. हे आधीच करून, संहितेच्या स्वच्छ प्रतीवर कुठे कोणता बदल ते लिहून नेलं, तर तालमीतला वेळ आवाजाची पातळी जुळवायला उरतो. भोंगा त्या छोट्या खोलीत किती मोठा वाजवायचा हे तिथेच कळणार.

रोजची धावपळ मात्र दोन प्रयोगांमधल्या पंधरा मिनिटांची. समजा तुमची वेळ १.१५ची. बारा पन्नासला तुम्ही मागच्या बोळात उभे, खाकी शर्ट आधीच अंगात, कारण कपडे बदलायची खोली आठ जणांत एक. एक वाजता आतल्या प्रयोगाच्या टाळ्या. एका दाराने त्यांचे प्रेक्षक बाहेर पडतायत, दुसऱ्याने त्यांची नटी दोन सूटकेस आणि एक घडीचं टेबल ओढत येतेय; तिला वाट द्यायची, कारण उद्या तुम्ही उशिरा निघालात तर तुमच्या मागचाही असाच बोळात उभा असणार आहे. एक वाजून तीन मिनिटं. फळीवर तुमच्या नावाची चिकटपट्टी लावलेल्या जागेतून स्टूल आणि डबा काढायचा. जमिनीवरच्या चार रंगांच्या खुणांतली आपली पिवळी शोधून स्टूल तिच्यावर ठेवायचं. तोवर तंत्रज्ञ संगणकावर तुमची फाईल उघडतो. भोंग्याचा एक हुंकार वाजवून अंगठा वर करतो. डब्यात पोळी ठेवली का, हे बघायचं. कोणाच्या तरी मघाच्या प्रयोगातलं चमकीचं चूर्ण अजून जमिनीवर आहे, ते पायाने बाजूला करायचं. एक वाजून नऊ मिनिटांनी दार उघडतं. प्रेक्षक आत येत असताना तुम्ही आधीच स्टुलावर बसलेले असता, कारण विंग नावाची गोष्टच त्या खोलीत नाही. प्रयोग लिहितानाच अशी सुरुवात योजली असेल तर ती दिग्दर्शकाची कल्पना वाटते.

दिवसातला सर्वांत मोठा भाग मात्र रस्त्यावर जातो. किल्ल्यापासून खाली उतरणाऱ्या रॉयल माइल रस्त्याचा एक पट्टा महोत्सवात गाड्यांना बंद असतो. तिथे डोंबारी, गायक, सोंगं घेतलेले नट आणि हातात पत्रकांचे गठ्ठे घेतलेले शेकडो लोक. आपल्याकडे प्रेक्षक वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती बघून किंवा ॲपवर तिकीट काढून येतो. पत्रक वाटणं हे क्लासवाल्यांचं काम. एडिनबरोत ते नटाचं काम आहे. मुठीने पत्रकं वाटणारा दिवसाला हजार संपवतो, आणि ती पुढच्या कचरापेटीत जातात. अनुभवी माणूस कमी वाटतो. दुसऱ्या एखाद्या एकपात्रीच्या रांगेत उभ्या असलेल्यांकडे तो जातो, कारण ही माणसं एकपात्री बघतात हे आधीच ठरलेलं आहे. ‘आज काय काय बघितलंत?’ असं विचारतो. ती सांगतात. मग एक वाक्य : ‘मी गिरणीचा भोंगा वाजवणारा माणूस आहे, दुपारी सव्वाला, इथून चार मिनिटांवर.’ पत्रकावर वेळ आणि ठिकाण मोठ्या अक्षरांत हवं. नटाचा भावपूर्ण चेहरा लहान झाला तरी चालेल. प्रयोगाच्या तासभर आधी, जागेपासून जवळच वाटलेल्या पत्रकांतूनच खरे प्रेक्षक येतात, असं त्या रस्त्यावर मुरलेली माणसं सांगतात. मला ते पटतं. सकाळी दहाला दुपारचा बेत कोणी पक्का करत नाही.

पहिल्या आठवड्यात जमेल तितके पूर्वप्रयोग स्वस्त ठेवावेत आणि खोलीत माणसं दिसू द्यावीत. समीक्षक त्याच सुमारास फिरत असतात. ‘द स्कॉट्समन’, ‘द स्टेज’, ‘द लिस्ट’ यांच्याबरोबर फक्त महोत्सवापुरती निघणारी प्रकाशनंही असतात, आणि पहिल्यांदा आलेल्याकडे बहुधा तीच आधी पोचतात. परीक्षण तारकांत मोजलं जातं. चार तारका मिळाल्या की त्या रात्रीच छोट्या चिठ्ठ्या छापून उरलेल्या प्रत्येक पत्रकाला स्टेपल करायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या रस्त्यावर स्टेपलरचा आवाज ऐकू येतो. तीन तारका मिळाल्या तर परीक्षणातलं एखादं चांगलं वाक्य उचलायचं आणि तारका मोजायच्या नाहीत. दोन मिळाल्या तर त्या दिवशीही सव्वाला प्रयोग असतोच. ‘द स्कॉट्समन’ १९७३पासून नव्या नाट्यलेखनाला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार देतं, आणि ते महोत्सव चालू असतानाच जाहीर होतात, त्यामुळे पुरस्काराचा फायदा त्याच प्रयोगांना मिळतो.

लोकांच्या डोळ्यांसमोर असते ती फीबी वॉलर-ब्रिजची ‘फ्लीबॅग’. २०१३ साली अंडरबेलीत एका खुर्चीवर बसून केलेला तो एकपात्री. त्याला फ्रिंज फर्स्ट मिळालं आणि तीन वर्षांनी त्याची बीबीसीवर मालिका झाली. रिचर्ड गॅडचा ‘बेबी रेनडिअर’ २०१९ साली समरहॉलमध्ये झाला आणि २०२४ साली नेटफ्लिक्सवर आला. मुंबईच्या उरूज अश्फाकला २०२३ साली ‘ओह नो!’ या कार्यक्रमासाठी एडिनबरो कॉमेडी अवॉर्डचा सर्वोत्कृष्ट नवोदिताचा पुरस्कार मिळाला. अशी नावं सांगितली जातात ती हजारोंमधली आहेत, हे उघडच आहे. अर्थसाहाय्य मागताना ती उपयोगी पडतात, अंदाजपत्रक मांडताना पडत नाहीत.

अंदाजपत्रकात धरता येईल असा फायदा वेगळा असतो. सलग २२ प्रयोग, रोज वेगळ्या आणि अनोळखी प्रेक्षकांसमोर, ही संधी मराठी नटाला एरवी क्वचित मिळते. आपल्याकडे महिन्यातून चार प्रयोग लागले तरी निर्माता पेढे वाटतो. दहाव्या-बाराव्या प्रयोगाच्या सुमारास संहितेतली पोकळ वाक्यं आपोआप गळायला लागतात. घसाही त्याच सुमारास बसतो. म्हणून मधल्या आठवड्यात एक दिवस सुट्टीचा ठेवतात, आणि त्या दिवशी पत्रकं वाटायला जाऊ नये. रात्री दुसऱ्यांचे प्रयोग बघावेत. कलावंत एकमेकांना रिकाम्या खुर्च्या सहज देतात, आणि तुमच्याबद्दल चार लोकांत बोलणारेही बहुतेक तेच असतात.

पैसे लगेच मिळत नाहीत. तिकिटांचा हिशेब महोत्सव संपल्यावर काही आठवड्यांनी होतो, कधी शरद ऋतू उजाडतो. तोवर क्रेडिट कार्डाचं व्याज चढत असतं, तेही खर्चात धरावं. खरा व्यवहार मात्र महोत्सवातच सुरू झालेला असतो. वेगवेगळ्या देशांच्या महोत्सवांचे, नाट्यगृहांचे कार्यक्रम ठरवणारे लोक ऑगस्टमध्ये एडिनबरोत खरेदीला आलेले असतात. सोसायटीचं एक स्वतंत्र कार्यालय त्यांची नोंद ठेवतं आणि कलावंतांची त्यांच्याशी गाठ घालून देतं. त्यांना ई-मेल पाठवावी, पण नेमकी : कोणत्या दिवशी या, किती मिनिटांचा प्रयोग, आणि त्यांच्याच नाट्यगृहाला तो का चालेल. असा एखादा माणूस प्रयोगानंतर बोळात येऊन हात मिळवतो आणि ‘छान झाला’ म्हणतो, तेव्हा फुलून जायचं नसतं. पुढचे प्रश्न ठरलेले असतात. एका प्रयोगाचं मानधन किती? सोबत किती माणसं? उभारणीला किती वेळ? सामान विमानाने येतं का? ‘फर्स्ट शिफ्ट’च्या नटाकडे याची उत्तरं एका पानावर छापलेली हवीत : नट एक, तंत्रज्ञ तुमचा चालेल, उभारणीला दोन तास, दिव्यांचे बदल बारा. स्टूल तुमच्याकडचं द्या. डबा, शर्ट आणि भोंगा मी हातातल्या बॅगेत आणतो. मानधनाचा आकडा मात्र कागदावर छापू नये, आधी समोरच्याचं नाट्यगृह किती खुर्च्यांचं आहे ते विचारावं.